प्रेंटिस गॅडीचे उसने आवाज

प्रेंटिस गॅडीचं 'प' या अक्षराशी वैर होतं आणि नशीब असं की त्याचं नावच 'प'ने सुरू व्हायचं. कुणी नाव विचारलं की तो छातीवरच्या खिशावर बोट ठेवायचा. धुलाई कारखान्याच्या निळ्या शर्टावर तिथे लाल दोऱ्याने नाव शिवलेलं होतं. तो शर्ट तो रविवारी चर्चलासुद्धा घालून जायचा. ज्या मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, ती अर्नेस्टीन मावशी करवादायची, "अरे, देवाला तुझं नाव ठाऊक आहे! निदान त्याच्या घरी तरी कोट घालून ये."

खानावळीत बसला की मनात पोर्क चॉप असायचे आणि तोंडातून 'ऑम्लेट' निघायचं, कारण ऑम्लेट जिभेला अडत नसे. विशी ओलांडेपर्यंत त्याने इतकी ऑम्लेटं खाल्ली की अंड्याचा नुसता वास आला तरी तो नाक दाबायचा.

कारखाना न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये होता. इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. प्रेंटिसचं काम वाफेच्या मोठ्या इस्त्री-यंत्रावर होतं. तो ओली चादर आत सरकवायचा आणि पलीकडे होझेया लार्क नावाचा त्याचा दोस्त ती कोरडी होऊन येताना धरायचा. यंत्राचा खडखडाट असा की बोलायची सोयच नव्हती. प्रेंटिसने ही नोकरी पकडली होती ती त्या खडखडाटासाठीच.

शनिवारी दुपारी मात्र दोघं न चुकता कोपऱ्यावरच्या थिएटरात जायचे. एका तिकिटात हाँगकाँगचे तीन सिनेमे, तिन्ही मारामारीचे. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांची ती सगळी वस्तीच त्या सिनेमांनी झपाटलेली होती. खेळ सुटला की फुटपाथवर लाथा उडायच्या. आयांच्या झाडूंचे दांडे गायब व्हायचे आणि दोन तुकडे साखळीने जोडून परत दिसायचे. चायनाटाउनातून काळ्या कापडी सपाता आणणं ही मोठी ऐट होती. जे कधी नदीपलीकडे गेले नव्हते, त्यांनी स्वतःला डोंगरातल्या मठांची नावं लावून घेतली होती. गोष्ट बहुतेक एकच असायची. गरीब पोरगा श्रीमंताच्या गुंडांकडून मार खातो, कुण्या विक्षिप्त म्हाताऱ्याकडे राबून विद्या शिकतो आणि परत येतो. पडद्यावर एकही गोरा माणूस नसायचा. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण प्रत्येकाला ते जाणवत होतं.

प्रेंटिसला ते सिनेमे आवडायचं आणखी एक कारण होतं. त्यातल्या माणसांचं तोंड आधी हलायचं आणि इंग्रजी आवाज मागाहून यायचा. लोक त्याला खिदळायचे. प्रेंटिसला वाटायचं, ही तर माझ्यासारखीच माणसं! तोंड उघडतं, शब्द येत नाही, आणि तरी समोरचा माणूस तलवार उगारून तसाच थांबतो, बोलणं पुरं होईपर्यंत.

त्याने ते आवाज उचलले. पांढऱ्या भुवयांच्या खलनायकाचा घोगरा, म्हाताऱ्या गुरूचा किरकिरा, तरुण चेल्याचा तावातावाचा. यंत्राच्या खडखडाटात तो ते मोठमोठ्याने घोकायचा आणि घोकता घोकता त्याच्या लक्षात आलं की या आवाजांत आपण अडखळत नाही. 'प' आला काय नि आणखी काय आलं, सगळं सरळ जातं.

एका दुपारी यंत्राचा पट्टा तुटला आणि खोली एकदम चिडीचूप झाली. त्या शांततेत किरकिरा आवाज घुमला, "मूर्खा! इतकी वर्षं पाणी भरलंस आणि अजून पखाल धरता येत नाही?"

चादरी घड्या घालणाऱ्या बायका इकडेतिकडे पाहू लागल्या. होझेया यंत्राला वळसा घालून आला. "कोण बोललं ते?"

प्रेंटिसने मान खाली घातली.

"तू? अरे, न अडखळता? तुझं 'गुड मॉर्निंग' पुरं होईपर्यंत आमची जेवणाची सुट्टी होते की रे!"

"कु... कुणाला सांगू नकोस."

"मी? मी कशाला सांगतोय!" असं होझेया म्हणाला खरा, पण गुपित पोटात ठेवणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी थिएटर खच्चून भरलेलं होतं. दुसरा सिनेमा ऐन रंगात आला आणि आवाज गेला. पडदा चालू, पण सगळे मुके. आधी शिट्ट्या झाल्या, मग पॉपकॉर्न उडालं, मग "पैसे परत करा!" असा ओरडा सुरू झाला. थिएटरचे मॅनेजर मिस्टर सारकीस मधल्या वाटेत उभे राहून हात जोडत होते. "दोन मिनिटं! माझ्या आईची शपथ, दोन मिनिटं!"

"तुमच्या आईला बोलवा, ती तरी ऐकू येईल का बघू!" कुणीतरी ओरडलं.

होझेयाने प्रेंटिसला कोपराने ढोसलं. "बोल ना!"

प्रेंटिसने नकारार्थी मान हलवली. पडद्यावर पांढऱ्या भुवयांचा खलनायक रेशमी झगा सावरत खुर्चीत बसला होता आणि समोर फाटक्या कपड्यांत चेला उभा होता. खलनायकाने तोंड उघडलं, आणि प्रेंटिसला कळायच्या आत त्याच्या गळ्यातून घोगरा आवाज निघाला.

"अस्सं! पाचव्या मजल्यावरचा भाडेकरू तो तूच?"

ओरडा थांबला. चेल्याचे ओठ हलले.

"होय, मीच! महिना झाला, नळाला गरम पाणी नाही. माझे गुरुजी गार पाण्याने आंघोळ करून करून वारले!"

खलनायकाने दाढी कुरवाळली. "गरम पाणी पाहिजे? मग आधी माझ्या पहिलवानांशी लढ. पाणी तापवायला बंब नाही माझ्याकडे, पहिलवान मात्र पुष्कळ आहेत!"

हास्याचा असा लोट उसळला की खुर्च्या करकरल्या. "अरे, हा तर माझाच घरमालक!" एक बाई मागून किंचाळली. प्रेंटिस आता थांबेना. पहिलवान येत गेले, त्याने प्रत्येकाला वेगळा आवाज दिला. एक जिन्याचा दिवा दुरुस्त करायला आलेला, एक भाडं वाढल्याचं सांगायला आलेला. आणि मग पडद्यावर नायिका आली. बाईचा आवाज काही प्रेंटिसला जमत नव्हता. तिचे ओठ हलत राहिले आणि तो नुसता बघत राहिला.

"थांबा!" दारातून खणखणीत आवाज आला. "आणि उंदरांचं काय? त्यांचं कोण बघणार?"

खाऊच्या काउंटरवर काम करणारी मिग्दालिया क्रेस्पो, पोर्तो रिकोची मुलगी, पॉपकॉर्नचा डाव हातात घेऊन दारात उभी होती.

"उंदीर?" प्रेंटिसचा खलनायक गरजला. "ते उंदीर नाहीत, बाई! ते माझे शिष्य आहेत!"

"मग सांगा त्यांना, माझं चीज परत द्या!"

तेवढ्यात वर प्रोजेक्टरच्या खोलीत कुणीतरी तार जोडली आणि खरा आवाज परत आला. सगळं थिएटर एकमुखाने ओरडलं, "बंद करा! आवाज बंद करा!" बिचारे सारकीस, जे आवाजासाठी खाली हात जोडत होते, ते आता तो घालवायला जिना चढत धावले.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या दालनात लोकांनी प्रेंटिसला गराडा घातला. त्या दिवशी गरमीमुळे तो बनियनवरच आला होता. "भावा, नाव काय तुझं?" एका उंच माणसाने विचारलं. सगळे पुढे सरकले.

"प्... प्..."

ओठ चिकटले. मान ताठ झाली. तो माणूस आधी हसला, त्याला वाटलं ही पण नक्कलच आहे. मग कोणीतरी म्हणालं, "अरेच्चा, हा तर तोतरा!" आणि मागचे हसले. वाईट हेतूने नसतील हसले. पण प्रेंटिस गर्दीतून वाट काढत निघून गेला.

पुढचा शनिवार त्याने घरी मावशीच्या खिडक्या पुसण्यात घालवला. त्यापुढचाही. सारकीसनी होझेयाकडून निरोप पाठवला, दर शनिवारी एक तुकडा मुद्दाम मुका लावतो, फक्त ये. प्रेंटिसने मान हलवली, नाही.

सोमवारी कारखाना सुटला तेव्हा बसथांब्यावर मिग्दालिया उभी होती.

"मला ओळखलंस का? मी उंदीरवाली."

त्याने मान डोलावली.

"त्या दिवशी नाव अर्धंच राहिलं."

त्याने खिशाकडे बोट नेलं. आज शर्ट होता.

"ते मला वाचता येतं," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

तो रागावला. मग लाजला. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि दयाही नव्हती. दुकानात सुट्टे मिळेपर्यंत माणूस थांबतो, तशी ती उभी होती. "प्..." त्याने सुरुवात केली. बस आली. दार उघडलं. "चढताय का?" ड्रायव्हरने विचारलं. मिग्दालियाने हाताने ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली, नजर प्रेंटिसवरून न काढता. बस गेली, धूर विरला आणि मग ते आलं. "प्रेंटिस. प्रेंटिस गॅडी."

"छान आहे," ती म्हणाली. "आता मला घरी सोड चालत. बस तर तुझ्यापायी गेली."

शनिवारच्या मुक्या तुकड्यावर दोघं पुन्हा थिएटरात बोलू लागले. सारकीस खूश, वस्ती खूश. पुढच्या उन्हाळ्यात बागेत गाण्याच्या मैफली सुरू झाल्या. दिव्याच्या खांबातून वीज ओढायची, दोन तबकड्या फिरवायच्या आणि अंधार पडेपर्यंत नाचायचं. नाचणारे तळहातांवर तोल घेऊन पाय गरागरा फिरवायचे; लाथ हाँगकाँगची, ताल ब्रॉन्क्सचा. माइकवर प्रेंटिस असायचा, कधी भुवयावाला, कधी किरकिरा गुरू. मधूनच तो स्वतःच्या आवाजात घसरायचा, 'प'वर अडकायचा. तबकडीवाला हसून तेवढाच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचा, शब्द सुटेपर्यंत. अडखळणं काही गेलं नाही. पण ते गर्दीत उघड झालं आणि आभाळ कोसळलं नाही, एवढं त्याने पाहिलं.

मिग्दालियाशी त्याचं लग्न झालं. थिएटर बंद पडून तिथे गाद्यांचं दुकान आलं. होझेयाचे केस गेले. इस्त्रीची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची आणि एका जुलैत घड्या घालणारी लॉटी नावाची वयस्कर बाई चक्कर येऊन पडली. मग युनियनने साहेबाला भेटायला बोलावलं.

"तूच बोल," होझेया म्हणाला. "त्या भुवयावाल्याच्या आवाजात. साहेब खिडकीतून पळेल."

प्रेंटिस उभा राहिला. घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता घोगरा आवाज येणार. पण तो आपल्याच आवाजात बोलू लागला, लॉटीबद्दल, वाफेबद्दल, ओल्या चादरींबद्दल. तीनदा अडला. एकदा तर इतका, की साहेबाने घड्याळ बघितलं.

"ते बोलतायत अजून," लॉटी म्हणाली.

साहेबाने घड्याळावर बाही ओढून घेतली. बोलणं पुरं झालं. खोलीला पंखे आणि दुपारची जास्तीची सुट्टी मंजूर झाली. साहेबाला अर्धीच द्यायची होती, पण बायका उठायलाच तयार नव्हत्या.

घरी आल्यावर प्रेंटिसने मिग्दालियाला सगळी सभा करून दाखवली. साहेबाचा आवाज, होझेयाचा, लॉटीचा, मधल्या टाळ्यासुद्धा. स्वतःचं बोलणं आलं तेव्हा ते स्वतःच्या आवाजात, अडत अडत, जसं झालं तसं. भात दुसऱ्यांदा गरम करावा लागला.