बाहेरच्या विद्यापीठाच्या अक्का

पृथ्वी गोल आहे हे आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं, पण भूगोलाचा रोजच्या स्वयंपाकात वापर करणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली, आणि ती म्हणजे देवपुरातल्या माझ्या घरमालकीण अक्का. धुळ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले. पहिल्याच दिवशी चहा करायला त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि साखर कुठे आहे म्हणून विचारलं, तर बाहेरून उत्तर आलं, "वायव्येला." मी चारी भिंतींकडे पाहत राहिले आणि चहा उतू गेला. अक्कांना डावं-उजवं मान्यच नव्हतं. माणूस वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं, उत्तर दिशा कोणासाठी हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. महिन्याभरात मला आग्नेयेचं तिखट आणि नैर्ऋत्येची हळद डोळे मिटून सापडू लागली, आणि सुट्टीत माहेरी गेल्यावर मी आईलाच विचारलं, की तुझं जिरं हल्ली कुठल्या दिशेला असतं.

भरताची वांगी घेताना बाकीच्या बायका भाव विचारायच्या, अक्का माती विचारायच्या. भाजीवालीही इतकी तयार झाली होती, की लांबून अक्का दिसल्या की आपणच काळी की मुरमाड ते सांगून टाकायची. शेजारच्या मुलीच्या लग्नपत्रिकेमागे हॉलला यायचा नकाशा छापायचा होता, तो अक्कांनी काढून दिला. त्यात प्रमाण होतं, उत्तर दिशेचा बाण होता आणि जमिनीचा चढ-उतार दाखवणाऱ्या रेषाही होत्या. नवऱ्या मुलाच्या काकांनी त्या रेषांनाच रस्ते समजून गाडी घातली आणि वऱ्हाडातली निम्मी मंडळी एका बंधाऱ्यावर जाऊन पोचली. पंगतीत त्यांना आग्रहाने वाढताना अक्कांनी फार प्रेमाने सांगितलं, की नकाशात काही चूक नव्हती. एसटीत खिडकीशी बसून घोरणाऱ्या माणसाला उठवून, झोपायचंच असेल तर आतल्या बाजूला झोपा, असं सांगताना तर मी त्यांना स्वतः पाहिलंय. उठलेला माणूस मुकाट्याने सरकायचा आणि अक्का त्याचं गाव येईपर्यंत त्याला बाहेरची जमीन समजावून सांगायच्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक न भरलेला फॉर्म होता. अक्का भूगोल घेऊन बी.ए. झाल्या तेव्हा एम.ए.साठी पुण्याला जावं लागे. त्यांच्या वडिलांनी, केळीची तोडणी चालू असताना, स्वतः जाऊन फॉर्म आणला. तो भरायच्या आठवड्यात लग्न ठरलं. पुढच्या वर्षी बघू असं सगळेच म्हणाले. मग मुलगा झाला, मग सासूबाईंचं अंथरूण आलं, आणि पुढच्या वर्षाची पुढची चाळीस वर्षं झाली. दर जूनला प्रवेशाच्या जाहिराती आल्या की अक्का पेपरचं ते पान बाजूला काढून ठेवायच्या आणि दोन दिवस कमी बोलायच्या. त्यांचे यजमान नाना एसटीच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, घरात अहिराणीतच बोलणारे आणि तेही मोजकं. एका जूनमध्ये अक्का ते पान कापत असताना ते म्हणाले, "भर मंग यंदा. कोन नही म्हणस?" अक्का कात्री हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षांत नाही कोणीच म्हटलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरला. जळगावच्या विद्यापीठात आता एम.ए. होतं. पहिल्याच पानावर प्रश्न होता, उमेदवार याच विद्यापीठाचा की बाहेरचा? मी 'याच' वर बोट ठेवलं तर पुढे जाईना. अक्का पदवीधर झाल्या तेव्हा इकडची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती, त्यामुळे जन्मात खानदेशाबाहेर न राहिलेल्या अक्का बाहेरच्या ठरल्या. बाहेरच्यांना जागा थोड्या आणि कागद जास्त. मायग्रेशन सर्टिफिकेट हवं होतं, म्हणजे आधीच्या विद्यापीठाने आपल्याला सोडल्याचा दाखला. ते आणायला नाना पुण्याला गेले आणि लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव समजावत तिथे दोन दिवस थांबले.

मग मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टने विचारलं, मधल्या काळात काय करत होता? अक्का म्हणाल्या, वाचत होते. कुठे, म्हणून त्याने विचारलं. घरीच, म्हणाल्या. त्याला पुरावा लागेल, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. शेवटी 'गृहिणी' असं टाईप झालं. बाहेर कडुलिंबाखाली उभं राहून अक्कांनी तो कागद दोनदा वाचला. "खोटं काही नाही यात," त्या म्हणाल्या. "पण चाळीस वर्षं तीन ओळींत बसली बघ."

पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्यातही नाही. उरलेल्या जागांसाठी समक्ष बोलावलं तेव्हा मी रजा काढून त्यांच्याबरोबर जळगावला गेले. टेबलामागच्या तरुण कारकुनाने कागद चाळले आणि तुम्ही बाहेरच्या आहात, थांबावं लागेल, असं सांगितलं. अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, "मी इथंच होते रे बाबा. विद्यापीठ नंतर आलं." तो हसला, पण उठून आतही गेला. दुपारी चार वाजता एक जागा उरली आणि ती अक्कांना मिळाली. मी नानांना फोन लावून दिला. नानांनी एवढंच विचारलं, की वर्ग किती वाजता भरतात.

त्याच वर्षी माझी बदली जळगावला झाली, आणि घरमालकीण भाडेकरणीकडे राहायला आली. सोमवार ते शुक्रवार अक्का माझ्या खोलीत असायच्या. पहिल्या दिवशी वर्गात सर आले तशा अक्का उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांना उभं पाहून सर खुर्चीवर बसायचेच राहिले. तास दोघांनी उभ्यानेच पार पाडला. रोज संध्याकाळी नानांचा फोन यायचा. भाजी कोणती केली ते ते सांगायचे, आणि अक्का त्यांना त्या दिवशी शिकवलेलं सगळं सांगायच्या. दोन वर्षांनी त्या चांगल्या मार्कांनी पास झाल्या. निकालाचा कागद घेऊन त्या माझ्या पलंगावर बराच वेळ बसून होत्या. मी पेढे काढले तर म्हणाल्या, "तेव्हा ही पदवी मिळाली असती तर काय केलं असतं मी, तेच आठवत नाही गं आता." आणि पेढा हातातच राहिला.

त्यानंतर नानांची तब्येत उतरली आणि मुलगा दोघांना बेंगळुरूला घेऊन गेला. देवपूरचं घर बंद आहे. परवा अक्कांचा फोन आला. मुलाकडे त्या सतराव्या मजल्यावर राहतात. बाल्कनीतून खूप पाऊस दिसतो, पाणी रस्त्याने वाहत जाताना दिसतं, पण ते शेवटी कुठल्या नदीला मिळतं ते त्यांना कळलेलं नाही. मी म्हटलं, विचारा ना कोणाला तरी.

"विचारलं की," अक्का म्हणाल्या. आणि माझ्याशी आजवर कधी न बोललेल्या अहिराणीत त्या हळूच म्हणाल्या, "आठे बठ्ठा नवाच शेतस."

तिथे सगळेच नवे असल्यावर नदी कोणाला माहीत असणार. मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले, आणि अक्कांनीही तो ठेवला नाही.