थांबवण्याचा अधिकार

मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते, पण बियाण्यांशी माझा संबंध नाही. संगणकावर कोणाला काय दिसावं, कोणी काय बदलावं, हे मी ठरवते. म्हणजे ठरवतात मुख्य कार्यालयातले, मी नुसत्या खुणा करते. वर्ध्याच्या आमच्या कारखान्यात लोक या खुणांना वचकून असतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

प्रयोगशाळेत एक काकाजी होते. सोयाबीनची उगवण तपासण्यात त्यांचे केस पिकले. बियाण्यांचा एखादा लॉट पटला नाही की ते स्वतःच तो सिस्टिममध्ये थांबवत, आणि मग गोदामातून एक पिशवी हलत नसे. पुढे ऑडिटवाले आले. जो तपासतो त्यानेच थांबवायचं, हे एका हातात दोन अधिकार झाले, असं म्हणाले. नियम चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. मी काकाजींच्या नावापुढची एक खूण काढली. त्यांना ‘फक्त पाहणे’ तेवढं उरलं; थांबवण्याची खूण कारखान्याच्या साहेबांच्या नावापुढे गेली. सांगायला मी गेले नाही. बदलाचा मेल आपोआप जातो, आणि काकाजी मेल उघडत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं.

पेरणीच्या तोंडावर ते माझ्या टेबलाशी आले. हातात ओलं गोणपाट, त्यात मोजून गुंडाळलेले दाणे.

“म्याडम, लॉट पास होऊन पडला होता, पण उन्हाळ्यात बी गेलं त्याचं. शंभरातले चाळीसबी नाई उगवले. थांबवाले गेलो तं बटनच दिसून नाई राह्यलं.”

“तो अधिकार आता साहेबांकडे आहे, काकाजी. त्यांना मेल टाका.”

“सायेब फोन उचलून नाई राह्यले. ट्रक भरून राह्यला तिकडं. तुम्ही देऊ शकता ना मले, घटकाभर?”

देऊ शकत होते. दोन मिनिटांचं काम होतं. पण का दिला, ते मला लिहून द्यावं लागलं असतं, आणि ऑडिटवाल्यांनी नुकतंच माझं काम चोख म्हटलं होतं. शिवाय गोणपाटाचं पाणी माझ्या कागदांवर टपकत होतं, त्याचाच मला जास्त राग आला. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी बोलले. ते परत जाऊन संगणकावर तोच लॉट उघडून पाहत बसले. दुपारी ट्रक गेला.

बी उगवलं नाही. त्यातल्या बऱ्याच पिशव्या काकाजींच्याच गावात, अल्लीपुरात, गेल्या होत्या. आपला माणूस तिथे तपासायला आहे, म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतल्या होत्या.

चौकशी बसली. साहेबांकडे जुना अहवाल होता, त्यात लॉट पास. मग त्यांनी माझ्याकडून नोंदी मागवल्या. त्या दिवशी काकाजींनी तो लॉट पाच वेळा उघडला होता.

“म्हणजे यांना माहीत होतं, तरी गप्प बसले,” साहेब म्हणाले.

“म्याडमले सांगतलं होतं मी,” काकाजी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, “तोंडी सांगितल्याची सिस्टिममध्ये नोंद नाही.”

ते खरं होतं, आणि म्हणूनच त्याची मला जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोलले असते तर कोणीतरी पकडलं तरी असतं.

काकाजींना घरी बसवलं. त्यांचं खातं बंद करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ओळखपत्र द्यायला आले तेव्हा ते खुर्चीवर बसले नाहीत.

“नोकरीचं जाऊ द्या, म्याडम. गावात कोणी बोलत नाई माह्याशी. एक डाव येऊन सांगान का, मी थांबवाले गेलतो म्हून?”

“येईन,” मी म्हणाले.

अल्लीपूर तासाभराच्या वाटेवर आहे. त्यानंतरची पेरणीही होऊन गेली. मी गेले नाही.