तारेवरचा कापूस

मी पोस्टात शिक्के मारायचो. डाव्या हाताने पाकीट पुढे सरकवायचं, उजव्याने शिक्का हाणायचा, असं दिवसभर. नगरच्या आमच्या पोस्टात माझ्याइतक्या जोरात शिक्का मारणारा दुसरा कोणी नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता, हे आता सांगायलाही लाज वाटते. बेस गिटार माझ्या वाट्याला आली ती या हातामुळेच.

ही दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. तो चालवणारे मास्तर दिवसा टायपिंगचा क्लास घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच खोलीत टाइपरायटर भिंतीकडे सरकवून अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवायचे. मी तिथे खंजिरी वाजवायचो. मास्तरांनी मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून बेस गिटार वापरायला आणली. चारच तारा, पण सगळ्यात जाड तार पेनाच्या रिफिलएवढी. मास्तरांनी सगळ्यांचे पंजे निरखले आणि म्हणाले, ही पोस्टाला द्या, त्याच्या बोटांत दम आहे.

मी हरखून गेलो. सूर कुठे कुठला ते पंधरवड्यात पाठ केलं. पण वाजवायचो कसं? बोट तारेच्या खाली आकड्यासारखं अडकवायचं आणि ओढून सोडून द्यायचं. तार दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटायची आणि ‘खट्ट’ व्हायचं, मागोमाग ‘धप्प’. बोटांना फोड आले, त्यांवर चिकटपट्टी लावून मी आणखी जोर लावला. जाड तारेला जोर लागणारच, यात मला शंकाच नव्हती.

आमच्यात गाणाऱ्या बाई कन्याशाळेत शिकवायच्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण सुरात इतका पक्का की तो लागला की खोलीतले लोक बोलायचे थांबत. एका तालमीत त्या गाणं मध्येच थांबवून मास्तरांना शांतपणे म्हणाल्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटा सरकवतंय असं वाटतं, मला माझाच सूर सापडत नाही. वर मजला नव्हता. सगळे माझ्याकडे पाहून हसले. मास्तर हसले नाहीत. देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्यावर मोळी टाकायच्या दिवशी, म्हणजे गळिताच्या सुरुवातीला, आमचा कार्यक्रम ठरला होता. त्याला पंधरा दिवस होते. तोवर हा दणदणाट थांबला तर ठीक, नाहीतर गिटार मुंबईला परत आणि तू परत खंजिरीवर, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं.

मला राग आला, मास्तरांचा आणि बाईंचाही. पण त्याहून जास्त भीती वाटली. ते वाद्य माझ्या हातून जाणार या कल्पनेने मला जेवण जाईना. हळू वाजवून पाहिलं तर काहीच ऐकू येईना, कारण बिघडेल या धास्तीने गिटारबरोबर आलेल्या आवाज मोठा करायच्या पेटीचं, अँपचं, बटण मी कधी दोनच्या पुढे नेलंच नव्हतं. म्हणजे एकतर दणका नाहीतर शांतता, एवढंच मला येत होतं.

आणि मग तो रविवार आला. दिवाळी तोंडावर होती आणि आईने गाद्या उसवून पिंजाऱ्याला बोलावलं होतं. मी आतल्या खोलीत गिटार घेऊन बसलो होतो. घरी अँप नव्हता, म्हणून वाद्याचं लाकूड बाकड्याला टेकवून वाजवायचो. वाजवता वाजवता थांबलो, तर अंगणातून एक सूर आला. खोल, जाड आणि लांबलेला. तो कानाला कळायच्या आधी माझ्या बरगड्यांना कळला. मी खरोखर हातातल्या गिटारकडे पाहिलं, ही आपोआप वाजली की काय म्हणून.

बाहेर येऊन पाहतो तर पिंजारीचाचा काम करत होते. पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं मोठं धनुष्य, दोरीने छपराच्या वाशाला टांगलेलं, त्याला बकऱ्याच्या आतड्याची तात ताणून बांधलेली, खाली आमच्या गाद्यांचा गुठळ्या झालेला कापूस. चाचा लाकडी मूठ तातीला जेमतेम लावायचे आणि लगेच बाजूला घ्यायचे. तात थरथरायची, कापूस तिला चिकटून उडायचा आणि हलका होऊन खाली यायचा. लहानपणापासून दरवर्षी मी हे पाहत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी पायरीवर बसलो तो उठलोच नाही. एवढा मोठा आवाज, आणि म्हाताऱ्याच्या दंडाची शीरसुद्धा ताणलेली नाही.

मी म्हटलं, चाचा, मला बघू द्या एकदा. त्यांनी मूठ दिली. मी पोस्टातल्या सवयीने हाणली. तात ‘खट्ट’ वाजून गप्प झाली आणि कापसाचा एक गोळा आईच्या अंबाड्यावर जाऊन बसला. आई काय बोलली ते इथे लिहीत नाही.

चाचा हसले. म्हणाले, “मारायचं न्हाई, भाऊ. तातीला नुसतं शिवायचं न् बाजूला व्हायचं. पुढचं काम तातीचं हाय, तुमचं न्हाई.”

मी आत जाऊन गिटार आणली. असलं वाद्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसले, वाद्य बाकड्याला टेकवून घेतलं आणि सगळ्यात जाड तारेवर बोटाचं टोक नुसतं ठेवलं. बोट तारेवरून सरकलं आणि पुढच्या तारेला टेकून थांबलं. बाकडं घुमलं. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो, तिथपर्यंत ते लाकूड थरथरत राहिलं. दोन महिने माझ्या हातात असलेल्या वाद्यात हा सूर होता आणि मी त्याला बाहेरच येऊ दिलं नव्हतं. चाचांनी गिटार परत दिली आणि ते कापसाकडे वळले, कारण त्यांना दोन गाद्या उरकायच्या होत्या.

त्या कापसातली चिमूटभर मी कागदात बांधून ठेवली. रोज सकाळी त्यातला नखाएवढा विरळ पुंजका तारेवर चिकटवायचा आणि वाजवायचं. हिसका बसला की पुंजका उडून पडे. बोट नीट सरकलं की तो जागच्या जागी थरथरत राही. पहिल्या दिवशी एकदाही टिकला नाही. आठव्या दिवशी अख्खं गाणं टिकला. तालमीला मी अँपचं बटण घाबरत घाबरत सहावर नेलं आणि हात मात्र हलका ठेवला. मास्तरांनी न थांबवता पुढचं गाणं घेतलं. फरक बोलून दाखवला तो पोस्टमास्तरांनी. हल्ली तुमच्या शिक्क्यावरची तारीख वाचता येते, म्हणाले.

कारखान्यावर मोळी टाकून झाली आणि दिवस मावळता मावळता कार्यक्रम सुरू झाला. फळ्यांचं स्टेज, समोर सतरंजीवर शेतकरी बसलेले, एका बाजूला बायका. मग बाईंचं संथ गाणं आलं. मी बोट ठेवलं आणि बाजूला झालो. सूर निघाला, पायाखालच्या फळीतून गेला, आणि त्याच्यावर बाईंचा आवाज येऊन उभा राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळे मिटून गात होत्या. एवढं थोडं करून एवढं होतं, यावर माझा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर अजूनही बसत नाही.

कार्यक्रम संपल्यावर कोणी माझं कौतुक केलं नाही. बाईंभोवती आणि मास्तरांभोवती माणसं जमली. मी तारा पुसत होतो, तेव्हा पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी स्टेजपाशी आला आणि गिटारकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्येच व्हय ते? लई येगळं हाय. कानात न्हाई वाजलं, हितं वाजलं.” आणि त्याने बरगड्यांवर हात ठेवला.

त्याने विचारलं, कुणाकडं शिकला. मागे मास्तर उभे होते. तरी मी खरं तेच सांगितलं, की पिंजाऱ्याकडे. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने मान डोलावली, “मग बराबर हाय,” म्हणाला आणि चप्पल शोधायला गेला.

मास्तरांनी गिटारची खोळ उचलून माझ्या हातात दिली. “ही मुंबईला जात नाही, घरी घेऊन जा,” ते म्हणाले, “आणि तो तुझा पिंजारी मला दाखव.”