दोन नावांची एकच गोळी

"माताजी, ये दोनों गोलियाँ एक ही हैं," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी धरून दाखवल्या. एक पिवळी, एक निळी. नावं वेगळी, पण खाली बारीक अक्षरात औषध तेच: अमिट्रिप्टिलिन. "डबल डोस हो गया है. उसी का असर दिल पर है."

मी दिल्लीत आर. के. पुरमला, मुलाच्या, निखिलच्या, सरकारी क्वार्टरमध्ये राहते. आमचे हे गेल्यावर माझं मन पार खचलं. जेवण जाईना, झोप येईना. तेव्हा ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली आणि खरंच गुण आला. आधी केमिस्टकडची होती, मग निखिलने डिस्पेन्सरीतून दुसऱ्या कंपनीची आणली. मला वाटलं, नवी गोळी वाढवली. जुनी टाकवेना. आमच्याकडे कोथिंबिरीची काडी टाकत नाहीत, गोळ्या कुठल्या टाकायला! पुढे डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी डोस वाढवला, तसा मी दोन्हींचा वाढवला. कमालच म्हणायची माझी.

तोंड कोरडं पडायचं, पेपरातली अक्षरं पुसट दिसायची. दिल्लीचा मे महिना, म्हटलं ऊन बाधलं. शेवटी एका सकाळी ओट्याशीच चक्कर येऊन पडले. निखिलने टॅक्सीत घालून इमर्जन्सीत आणलं.

ईसीजीची पट्टी मी मागून घेतली. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे रेघा दिसल्या की वाचाव्याशा वाटतात. डॉक्टर म्हणाले, क्यूआरएस रुंद झालाय. म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना कागदावर जो टोकदार सुळका उमटतो, त्याची टेकडी झाली होती. विजेचा निरोप रेंगाळत पोचत होता. हे वाढलं तर ठोक्यांची लय बिघडते, हृदय थांबूही शकतं.

भीती वाटली. पण मला मेली चौकश्यांची खोड. "सलाइन में क्या डाल रहे हो?"

"सोडियम बायकार्बोनेट."

"मतलब खाने का सोडा? ढोकले वाला?"

"हाँ जी, वही," डॉक्टर हसले. "पर नस से, और हिसाब से."

घरी पाण्यात कालवून प्यायचं हे काम नाही, बरं का. पण मॉनिटरवर टेकडीचा पुन्हा सुळका होताना मी अगदी टक लावून बघत होते.

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "जानबूझकर तो नहीं लीं?" मी नाही म्हणाले. निखिलने मान खाली घातली ती वर केली नाही. तो माझं डिस्पेन्सरीचं कार्ड आणायला घरी गेला.

तुमच्या घरी अशी गोळी असेल तर नावाखालची बारीक अक्षरं वाचा, सगळ्या स्ट्रिपा डॉक्टरांपुढे ठेवा. घाबरून मनाने बंदही करू नका. मलाही नंतर बदलून वेगळी गोळी दिली ती डॉक्टरांनीच. जास्त गेल्या असतील तर बरं वाटत असलं तरी इस्पितळ गाठा. हृदयात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

घरी आल्यावर निखिल गोळ्या कुलपात ठेवू लागला. मला ते लागलं. एका संध्याकाळी विचारलंच, "खरं सांग, मी मुद्दाम घेतल्या असं वाटतं ना तुला?"

"वाटलं होतं, आई. तू नाही म्हणालीस तरी वाटलं. मग कार्ड आणायला आलो, तर सिंकच्या नळाला चक्का टांगलेला. त्या दिवशी तू श्रीखंड करणार होतीस. तिथेच रडलो मी."

"मग कुलूप कशाला?"

"चष्मा न लावता गोळ्या घेतेस, म्हणून."

हे मात्र खरं होतं. मला हसूही आलं आणि रडूही. "आणि चक्क्याचं काय केलंस?"

"फ्रीजमध्ये आहे. टाकवेना."

आंबट झाला होता. साखर वाढवून श्रीखंड केलं आणि दोघांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या.