काकूंच्या टीव्हीवरचे टँक

हे लिहू का नको ह्यातच बरेच दिवस गेले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता असं इथं सगळेच म्हणतात, पण माझ्या तोंडी ते जरा जास्तच जड आहे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे, नवस-सायास उंबऱ्याबाहेर गेले. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — शाळामास्तर. सुट्टीत मलकापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन 'भूत दाखवा' म्हणून भाषणं करायचे. अमावास्येला मसणात बसून भजी खायचा त्यांचा कार्यक्रम असायचा, आणि भज्यांचा डबा धरायला मी. असल्या माणसाच्या पोरानं तुमच्या ह्या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरात लिहायचं म्हणजे... लाज वाटते. आडनाव तेवढं छापू नका.

आमचं घर मंगळवार पेठेत. भिंतीला भिंत लागून एक जैन कुटुंब — काका, काकू आणि त्यांचा एकुलता एक बाळू. बाळू आणि मी एका वर्गात, एका बाकावर. नव्वदच्या दशकात कॅसेट घालायचा तो टीव्ही गेम आला आणि आम्ही दोघं त्यातच पडलेलो असायचो. दोघांनी मिळून खेळायचा टँकचा गेम आमचा आवडता. पहिला कंट्रोलर माझा, दुसरा बाळूचा, ह्यावर कधी भांडण झालं नाही.

त्या मशीनला एक खोड होती. ते टीव्हीला चित्र द्यायचं अँटेनाच्या वायरीतून, आणि आमची अँटेना काकूंच्या अँटेनाला जवळजवळ चिकटलेली. त्यामुळं आमचे टँक काकूंच्या बातम्यांवर फिरायचे. आधी त्या भिंत बडवायच्या. मग त्यांनी त्यातूनच सोय काढली. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. टीव्हीवरचे टँक गेले, म्हणजे बाळू खेळून उठला, की ह्या तवा ठेवणार. भाकरी ताटात पडायच्या वेळेला बाळू दारात हजर असायचा.

बारावीत असताना बाळू काविळीनं गेला. मी मशीन माळ्यावर टाकलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पुढं मी टीव्ही दुरुस्तीत पडलो. दोन हजार पाचच्या आसपास नेट कॅफेत बसून जुनी गेम मशीन सुधारायचं खूळ डोक्यात शिरलं. लोक काय काय करायचे! कुणी पुढं निळा दिवा लावणार, कुणी पारदर्शक बॉडी बसवणार, कुणी कंट्रोलरला आपोआप गोळ्या झाडायचं बटण. माझ्या मते ह्यातली निम्मी नुसती शायनिंग. करण्यासारख्या गोष्टी दोनच — सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलायचे, आणि चित्राचा चॅनल बनवणारी आतली पत्र्याची डबी काढून चित्र सरळ पिवळ्या पिनेवर घ्यायचं. दुसऱ्या कामाला मी रेंगाळलो. डबी काढली की मशीन जुनं राहत नाही, असं उगीच वाटायचं.

माळ्यावरून मशीन काढलं, आधी कपॅसिटर बदलले आणि संध्याकाळी टेस्टिंगला बसलो. रोज थोडा वेळ.

एक दिवस काका आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. काकूंना अलीकडं विसरायला होत होतं. बाळू गेलाय हे एखादे दिवशी आठवायचं, एखादे दिवशी नाही. काकांनी घरात केबल घेतलेली नव्हती, त्यामुळं माझे टँक पुन्हा त्यांच्या टीव्हीवर दिसायला लागले होते. मी मशीन बंद केलं की काकू दोन भाकरी थापायच्या, दोन ताटं घ्यायच्या आणि बाळूची वाट बघत बसायच्या. तेवढ्यात दिवस मावळायचा. मावळल्यावर त्यांच्या तोंडात घास जात नाही, मग तशाच उपाशी झोपायच्या.

"मिलिंदा," काका म्हणाले, "लई वाळली रं ती. ते मशीन तेवढं..."

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वास्तविक मशीन परत माळ्यावर टाकायचं. पण हौस दांडगी, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती डबीच काढली. आता चित्र पिवळ्या पिनेतूनच बाहेर येणार, अँटेनाचा संबंधच संपला. म्हणजे काकूंच्या टीव्हीवर काही दिसायचं कारण उरलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा मशीन पेपरवर उघडं पडलेलं, सप्लाय काढलेला. भिंतीवर थापा पडल्या. पलीकडून काकू ओरडत होत्या, किती वेळ खेळताय रे, बाळूला लावून दे.

मी पत्र्याची डबी हातात घेऊनच गेलो. काका-काकूंना दाखवायची होती, की बघा, काढली. काकू टीव्हीसमोर बसलेल्या, काका कोपऱ्यात डोकं धरून. टीव्हीवर टँकचा गेम चालू होता.

दोन टँक. पहिला, म्हणजे माझा, जागेवर उभा. दुसरा त्याच्याभोवती फिरत होता.

मी मागं जाऊन वायर बघितली, बटण फिरवलं, अँटेनाची पिन हलवली. चित्र हललं नाही. काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू हितं हाईस, मग तो एकटाच का खेळतोय? बोलीव की त्याला. दिवस चाललाय."

मला काय झालं ठाऊक नाही. त्या टीव्हीकडं तोंड करून मी म्हणालो, "बाळू, बास आता. आई थांबलीय, जेवायला ये."

चित्र गेलं. पडद्यावर मुंग्या आल्या. काकू उठल्या, तवा ठेवला. दोन ताटं वाढली, एक बाळूच्या रिकाम्या पाटासमोर ठेवलं आणि दुसऱ्यात स्वतः जेवायला बसल्या. पोटभर जेवल्या. काका तोंडावर टॉवेल धरून रडत होते.

वळलो तर दारात अण्णा.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या डोक्यातली भुतं उतरवली त्याचा मुलगा मेलेल्या मित्राला हाक मारताना त्यांनी बघितला. मी मान खाली घालून त्यांच्या बाजूनं निघून आलो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सकाळपासून गल्ली पालथी घातली. कुणाकडं असलं मशीन आहे का, घरोघरी विचारलं. एकाकडंही नव्हतं. मग गच्चीवर चढून त्यांनी आमची अँटेनाच उतरवली.

संध्याकाळी पुन्हा थापा पडल्या. मी उठलो नाही. अण्णांना म्हणालो, मी जाणार नाही, तुमच्यासमोर तर नाहीच. कुणाला हाक मारू मी? लाज वाटते मला.

अण्णा चष्मा पुसत बसले होते.

"कारण सापडंल तवा सापडंल," ते म्हणाले. "तवर ती बाई उपाशी ऱ्हाणार व्हय? ऊठ."

मी गेलो. काकू होत्या तोवर रोज गेलो.

कारण अजून सापडलेलं नाही.