पाटावरचं हळकुंड

तुमच्या घरी कधी चमत्कार झाला आहे का हो? माझ्या घरी झाला होता. दुपारी सुरू झाला आणि दिवेलागणीला संपला! सांगते, पण हसू नका. हसायचं काम आमच्या गल्लीनं आधीच केलं आहे.

देवरीकडच्या जंगलात टेकडीवर एक देवी आहे. नवस बोलताना नारळ कापडात गुंडाळून तिथल्या लोखंडी जाळीला बांधायचा आणि इच्छा पुरी झाली की गाठ सोडून देवीपुढे फोडायचा, अशी तिथली रीत. मुलीला नर्सची नोकरी लागावी म्हणून मीही बांधला होता. आणि लागली की नोकरी! आनंदाच्या भरात मी एकटीच बसमध्ये बसले.

जाळीला नारळच नारळ. पण मी हुशार! माझ्या जुन्या साडीचा हिरवा काठ मी लांबूनच ओळखला. डोळे पुसत गाठ सोडली, नारळ फोडला, कापड कपाळाला लावून घरी आणलं.

घरी कापड झटकते तर काय? कोपऱ्यातल्या बारीक गाठीतून हळकुंड पडलं! मी हळकुंड बांधलंच नव्हतं. मग पाठवलं कोणी?

"देवीनं!" मी ओरडले.

नवरा जेवत होता. "देवीले दुसरे कामं नाही का व? हळद तं आपल्या घरी डबाभर हाये."

मी कुठली ऐकते! हळकुंड पाटावर ठेवलं, दिवा लावला. गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं कुंकू वाहिलं. दुसरी म्हणाली, "चंदनाचा वास येऊन राहिला व!" खरं सांगते, मलाही यायला लागला. भजनाचं ठरलं, पेटीसुद्धा आली.

तेवढ्यात शेजारच्या देवका काकू आल्या. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सारी गल्ली दवाखान्यात येऊन गेली, या मात्र आल्या नव्हत्या. तेव्हापासून मी त्यांच्याशी तुटकच बोलायची.

काकूंनी कापड उचलून पाहिलं. "सुमन, हा तं माया साडीचा काठ होय. आपण दोघीनं संगंच घेतल्या होत्या ना? अन् हळकुंड मीच बांधलं होतं."

पेटी थांबली. दुसऱ्याचा नवस मी सोडून आले होते. आता काकूंच्या घरी काही वाईट झालं तर?

"काकू, कशाचा नवस होता? मी उद्याच परत बांधून येते!"

"आता काही उपयोग नाही."

मी रडायलाच लागले.

"अव, रडून कायले राहिली? तुयाच आपरेशनचा होता तो! तू दवाखान्यात होती, अन् मी टेकडी चढून राहिली होती. तू बरी झाली, पण माये गुडघे काही पुन्हा चढू देत नाही. तूच सोडला, बरं झालं."

बाया हसून हसून लोळल्या. मी मात्र काकूंच्या गळ्यात पडून आणखीच रडले. किती महिने मी या बाईकडे पाहून तोंड फिरवत होते!

"ते झालं," मागून नवरा म्हणाला, "पण आपला नारळ कुठी हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला घेऊन टेकडीवर गेली, जाळीवरचा आमचा नारळ तिनंच शोधून सोडला, आणि मला एकाही गाठीला हात लावू दिला नाही.