दाजींचे अकरा डबे

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दाजी गेले. ताई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मी औषधं घेऊन जिना चढत होतो. डॉक्टरांनी आधी मला सांगितलं, मग मी ताईला सांगितलं. त्या दिवशी सोलापूर शहर आणि जिल्हा मिळून दाजींचे अकरा डबे लपवलेले होते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हे अख्ख्या सोलापुरातले एकमेव गृहस्थ असावेत, जे एखादी वस्तू जपून राहावी म्हणून नव्हे तर परक्या माणसाला सापडावी म्हणून लपवत. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो, आणि ज्यांना हौस आहे ते मोबाइलवर उपग्रहाची खूण बघत तिथवर येतात, डबा शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि डबा होता तिथं ठेवून जातात. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. दाजींनी हे सगळं पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ताई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "घरात मिठाचा डबा नाकासमोर असला तरी 'अगं कुठंय, अगं कुठंय' म्हणून वरडायचं, आणि आता आकाशातनं डबे शोधायला निघालेत!"

दाजी वीजखात्यात मीटर वाचायला होते. तीसेक वर्षं त्यांनी जिन्याखाली, संडासामागं, कोंबड्यांच्या खुराड्यावर आणि देवघराच्या पाठीमागं बसवलेली मीटरं वाचली. माणूस गैरसोयीची जागा किती कल्पकतेनं निवडतो, याचा एवढा अभ्यास दुसऱ्या कुणाचा नसेल. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी कंबर तलावावर फिरायला जात. एकदा त्यांच्या नेहमीच्या बाकामागं एक तरुण जोडपं कठड्याखाली हात घालून काहीतरी चाचपताना दिसलं. दाजींच्या अंगातला वीजखात्याचा माणूस जागा झाला. "काय, आकडा टाकताय काय?" ते पुण्याहून आलेलं जोडपं बिचारं घाबरलं आणि त्यांनी कठड्याखालून अंगठ्याएवढी डबी काढून दाखवली. आतल्या चिठ्ठीवर त्यांनी दाजींचीही सही घेतली. त्या रात्री दाजी नीट जेवले नाहीत. "मी रोज त्या बाकावर बसतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "वर्षभर ती डबी माझ्या पाठीला लागून होती, आणि मला पत्ता नाही!" इतकी वर्षं कोपरे बघण्यात घालवलेल्या माणसाला हा अपमान वाटला. महिन्याभरात त्यांनी स्वतःचा पहिला डबा लपवला.

त्यानंतर दाजींबरोबर कुठं जायची सोय उरली नाही. ते सरळ चालत नसत. पुलावरून जाताना पुलाखाली बघत, झाडाकडे बघताना ढोलीत बघत, आणि कुणाच्या घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी तिच्याखालून एकवार हात फिरवत. वैरागला एका भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे स्टेजमागं गुडघ्यावर बसलेले. वरपक्षाकडच्या एका म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं, "पाव्हणं, काय पडलं का?"

"नाही हो, पडलं काही नाही," दाजी प्रामाणिकपणे म्हणाले. "पण इथं ठेवायला लई चांगली जागा आहे."

तो म्हातारा जेवणाच्या पंगती उठेपर्यंत आहेराच्या टेबलापासून हलला नाही.

चुका त्यांनी पुष्कळ केल्या, आणि त्या ते आनंदानं सांगत. माळशिरसकडं एका ओढ्याकाठी ठेवलेल्या डब्याची खूण त्यांनी 'ऊस संपतो तिथं' अशी लिहिली होती. पंधरा दिवसांत तोड झाली आणि ऊस सगळीकडेच संपला. डब्यात खाण्याचं काही ठेवू नये असा या खेळातला साधा नियम आहे, पण सोलापूरचा डबा आणि आत शेंगाची चटणी नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी एका डब्यात चटणीची पुडी ठेवली. तिसऱ्या दिवशी तो डबा एका कुत्र्यानं शोधला. "सही तेवढी केली नाही त्यानं," दाजी म्हणाले.

पण त्यांची खरी अडचण निराळीच होती. आपला डबा कुणी चोरून नेईल, फेकून देईल, अशी भीती सगळ्यांनाच असते. दाजींचे डबे लोक परत आणून देत. नियमाप्रमाणे डब्यावर 'हा खेळाचा डबा आहे, कृपया जागेवर ठेवा' असं लिहून त्याखाली ते आपला फोन नंबर देत. आपल्याकडची माणसं वरचं वाक्य वाचत नाहीत, नंबर मात्र वाचतात. भवानी पेठेत चादरीचं दुकान असलेल्या एका पद्मशाली गृहस्थांचा फोन आला, "सर, तुमचा डबा पडला होता आमच्या पायपामागं. जपून ठेवलाय. या, चहा घेऊन जावा." दाजी गेले, चहा प्याले, आभार मानले, डबा घेऊन आले आणि चार दिवसांनी गुपचूप पुन्हा तिथंच ठेवून आले. आठवड्याभरात पुन्हा फोन. "सर, परत पडला बघा. वय झालं, चालायचंच." तिसऱ्या खेपेला दुकानदारांनी फोनच केला नाही. दाजी बघायला गेले तर डबा सुताच्या जाड दोरीनं पायपाला सात फेरे घालून आवळलेला, वर गाठ अशी की ती सोडवायला कात्री लागावी. "आता नाही पडायचा," ते दुकानातूनच हसून म्हणाले. दाजींनी मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मेहुणे, या गावात डबा लपवणं सोपं आहे. तो हरवलेला ठेवणं अवघड!"

डबा चांगला कशानं होतो, यावर त्यांचं ठाम मत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातचं काम मोडून मिळवलेलं होतं. एकदा महिनाभर खपून त्यांनी मीटरच्या पेटीसारखी पेटी बनवली. काच, आकडे, शिसाचं सील, सगळं हुबेहूब. ती त्यांनी आपल्याच गल्लीतल्या एका पडीक भिंतीवर लावली. शोधणारे येत, तिच्यासमोर उभे राहून तिलाच शोधत. एक दिवस नवा मीटर रीडर आला आणि ग्राहक क्रमांक कुठं दिसतो का म्हणून दहा मिनिटं पेटीभोवती फिरला. दाजी समोरच्या ओट्यावर पेपर तोंडासमोर धरून गदगदा हलत होते. संकेतस्थळावर त्या डब्याचं भरभरून कौतुक झालं. आणि दोन महिन्यांनी दाजींनी तो काढून टाकला.

मी कारण विचारलं. "लोक माझी हुशारी बघून जायला लागले," ते म्हणाले. "आजूबाजूला बघतच नाहीत. डबा सापडला नाही तरी माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये, अशी जागा पाहिजे. आधी माणूस कुठं उभा राहायला हवा ते ठरवायचं, मग डबा."

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. वस्तू क्रमांकानं लावून ठेवायच्या आणि मागितल्या की लगेच काढून द्यायच्या, हा माझा धर्म. मी त्यांना चिडवायचो, "दाजी, मी पुस्तकं अशी लपवून ठेवली तर वाचायला कोण येईल?" ते शांतपणे म्हणत, "तुमची अर्धी पुस्तकं लपलेलीच आहेत की. फरक एवढाच, कुणी शोधत नाही." दर रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. "काय मेहुणे, येताय का?" आणि दर रविवारी मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." पाच वर्षं मी असंच म्हणत आलो. ताईही कधी गेली नाही. तिचे गुडघे दुखत, आणि दुखत नसत तेव्हा तिला ते सगळं पोरकट वाटे.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. दाजींचा फोन ताईनं बंद केला नव्हता. मे महिन्यात वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर त्यावर एक संदेश आला, तो तिनं मला वाचायला दिला. सांगोल्याकडच्या माळावरच्या डब्याचं झाकण फुटलं आहे, कागद भिजला आहे, असं कुणीतरी कळवलं होतं. धन्यानं महिन्याभरात लक्ष दिलं नाही तर तो डबा नकाशावरून काढला जाईल. मी ताईला म्हणालो, आज हा जाईल, मग हळूहळू बाकीचेही जातील, धनीच नाही म्हटल्यावर. तिनं फोन माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "ह्यांचं कपाट मी रिकामं केलं. कपडे देऊन टाकले. ते आपलं होतं, देऊन टाकलं. हे डबे आपले नाहीत. ते बंद होऊ द्यायचे नाहीत. तू नाही आलास तर मी एकटी जाईन."

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही निघालो. पिशवीत नवा डबा, कोरा कागद, पेन्सिल आणि ताईनं बांधून घेतलेल्या दशम्या. फाट्यावर उतरून रिक्षा केली, पुढं पायवाट. फोनमधल्या बाणानं आम्हाला माळावरच्या एका खडकापर्यंत आणलं आणि मग तो स्वतःच भरकटला. चहूकडं पिवळं, खुरटं गवत आणि दगड. मी दोन तास एकेक दगड उलटत होतो. विंचू निघाला, डबा निघेना. ताई बाभळीखाली बसून मला दिशा दाखवत होती. मला पहिल्यांदाच कळलं की दाजी ज्याला मजा म्हणत त्यात किती चिकाटी लागते.

शेवटी मेंढरं घेऊन एक वयस्कर धनगर आला. काठीवर हनुवटी टेकवून तो थोडा वेळ माझं काम बघत राहिला. "काय हारवलं का सायेब?"

"डबा," मी म्हणालो.

"मीटरवाल्यांचा व्हय? त्यो माज्याकडं हाय की. पानी शिरत व्हतं, म्हनून काढून ठिवला. त्यांना फोन लावला लई येळा, कोन उचलंना."

ताईनं अनोळखी नंबर पाहून ते फोन घेतले नव्हते. ती उठून उभी राहिली. "मी त्यांची बायको. ते गेले मार्चमध्ये."

त्यानं डोक्यावरचा फेटा नीट केला आणि मेंढरांकडं बघत राहिला. मग खडकाकडं बोट करून म्हणाला, "हितं बसायचे. मी एकदा इचारलं, हितं हाय काय बगायला? गवात आन दगडं. तर म्हनले, बसा, सांगतो. म्हनून बसलो. दिस मावळला तरी बसलोच व्हतो. त्यांनी काय सांगितलंच न्हाय!" तो हसला. "आता रोज बसतो मी थोडा येळ."

ताई त्या खडकावर जाऊन बसली. मीही बसलो. वारा होता. लांबवर एका टेकाडाआडून दुसरा कळप येत होता, त्याची धूळ आधी दिसली, मग मेंढरं, मग आवाज. बघण्यासारखं खरोखर काही नव्हतं, आणि आम्ही बराच वेळ उठलो नाही.

मी नवा डबा खडकाच्या खालच्या बाजूला सरकवू लागलो तेव्हा तो म्हणाला, "तितं नगं. तितंच पानी साचतं. वरच्या अंगाला ठिवा, त्या कपारीत." मी तिथं ठेवला. तो म्हणाला, पावसापाण्यात मी बघत जाईन, लांबनं आलेली मानसं हात हालवत कशी जातील. जवळच्या आपल्या वस्तीवर सुकत घातलेला जुना कागद त्यानं आणून दिला. सगळ्या सह्या ओघळून निळा डाग झाला होता, एकही नाव लागत नव्हतं. नव्या कागदावर पहिली सही ताईनं केली. दुसरी मी. त्याला पेन्सिल दिली तेव्हा तो म्हणाला, "मला कशाला? मी शोधला न्हाय, मी हितंच असतो." तरी ताईनं ऐकलं नाही. त्यानं अंगठा उमटवायला शाई मागितली. शाई नव्हती, म्हणून त्यानं एक गोल काढला.

परतीच्या एस.टी.त मी दाजींच्या फोनवरून संकेतस्थळावर लिहिलं, की झाकण बदललं आहे, जागा तीन पावलं सरकली आहे, डबा आहे.

त्यानंतर आम्ही एकेक करून सगळ्या जागा पालथ्या घातल्या. तीन डबे सापडले नाहीत, ते मीच बंद केले. आठ नकाशावर आहेत. रविवारी सकाळी मी आणि ताई त्यातल्या एकाकडे जाऊन येतो.